‘परशुराम’ विमानाचे धनी

शेतजमिनीचा धनी कोण, असा प्रश्न निघाला म्हणजे वर्धा जिल्ह्यांतील शेतकरी तलाठ्याकडे जातो आणि सात-बाराचा उतारा मागतो. उताऱ्यावर समाधान झालें नाहीं तर तो फेरफाराची नोंद काढावयास लावतो. आजोबांनीं जमीन कोणापासून घेतली, वांटणी केव्हां झाली, सावकाराचा बोजा कधीं चढला आणि कधीं उतरला, हें सारें त्या नोंदींतून उलगडत जातें. परंतु जमीन जागची हलत नाहीं, म्हणून हें शक्य होतें. जी वस्तु एका रात्रींत दोन-तीन देशांच्या सीमा ओलांडून जाते, जिचें नांव, रंग आणि अंगावरील क्रमांक दर धन्यागणिक बदलतात, अशा वस्तूची मालकी कशी शोधावयाची? विमान ही अशीच वस्तु आहे. आणि भारतीय हवाई दलाजवळ सांप्रत ‘परशुराम’ या नांवाचें जें दोन इंजिनांचें जुनें डाकोटा विमान आहे, त्याचा फेरफार तर मोठा विलक्षण आहे.

या बाबतींत राष्ट्रांनीं आपसांत एक वहिवाट ठरवून घेतलेली आहे. डिसेंबर १९४४ मध्यें शिकागो येथें जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यानें विमानाला माणसाप्रमाणें राष्ट्रीयत्व दिलें. ज्या देशाच्या नोंदवहींत विमान चढलें, त्या देशाचें तें मानावयाचें. आणि एकाच वेळीं दोन देशांच्या वह्यांत त्याची नोंद असूं शकत नाहीं. हिंदुस्थानांतील नागरी विमानांवर ‘व्हीटी’ हीं अक्षरें असतात, ब्रिटनच्या विमानांवर ‘जी’ हें अक्षर असतें. विमान परदेशीं विकलें गेलें कीं जुनीं अक्षरें पुसून नवीं रंगवितात. लष्करी विमानांच्या क्रमांकांची तऱ्हा आणखी निराळी. मात्र कारखान्यांत विमान घडतें त्या वेळीं त्याला जो अनुक्रमांक मिळतो, तो जन्मापासून मोडीपर्यंत कायम राहतो. इतिहास शोधणाऱ्यानें भरंवसा ठेवावयाचा तो या क्रमांकावर. रंगविलेलीं अक्षरें म्हणजे नुसता अंगरखा. तो कितीही वेळां बदलतां येतो.

डाकोटा हें नांव इंग्रजांनीं दिलेलें. अमेरिकेंतील डग्लस कंपनीनें डी. सी. ३ या नांवाचें उतारूंचें विमान बनविलें आणि तें १७ डिसेंबर १९३५ रोजीं प्रथम उडालें. पुढें महायुद्ध पेटल्यावर त्याच विमानाला रुंद दार व मजबूत तळ बसवून लष्करी मालवाहू विमान तयार करण्यांत आलें. अमेरिकन सैन्य त्यास सी-४७ म्हणे, इंग्रज डाकोटा म्हणत. अशीं दहा हजारांवर विमानें युद्धकाळांत तयार झालीं. पंखांचा विस्तार पंचाण्णव फूट. दोहों बाजूंस बाराशें अश्वशक्तीचें एकेक इंजिन. वेग बेताचाच, आजच्या विमानांपुढें बैलगाडीसारखा. परंतु बैलगाडीचा गुणही त्यांत पुरेपूर उतरला होता. खडबडीत माळावर, पावसानें भिजलेल्या मातींत, जेथें दगडी धांवपट्टीचें नांव नाहीं अशा ठिकाणीं तें उतरे आणि तेथून उठेही. शेपटाखालीं लहानसें चाक असल्यामुळें उभें असतां त्याचें नाक आभाळाकडे राही. दुरुस्ती सोपी, स्वभाव सोशीक. म्हणूनच धनी बदलत गेले तरी त्याला नवा धनी मिळण्यास अडचण पडली नाहीं.

‘परशुराम’ हें अशांपैकींच एक. त्याचा जन्म १९४४ सालचा, ओक्लाहोमा शहरांतील कारखान्यांत झालेला. तेथून तें ब्रिटनच्या शाही हवाई दलाकडे गेलें आणि ‘केएन ३९७’ हा क्रमांक त्याच्या अंगावर चढला. येथें मालकीचा पहिला पेंच पडतो. इंग्रजांनीं हीं विमानें रोख देऊन घेतलेलीं नव्हतीं. अमेरिकेनें मार्च १९४१ मध्यें ‘लेंड-लीज’ म्हणजे उसनवारीचा व भाडेपट्ट्याचा एक कायदा केला होता. त्या कायद्याखालीं युद्धसामग्री मित्रराष्ट्रांनीं वापरावी, परंतु मूळ हक्क अमेरिकेचा राहावा, अशी ती योजना होती. मक्त्यानें शेत वाहणारा नांगर धरतो, पेरतो, राखण करतो. तथापि उताऱ्यावर नांव निराळ्याचेंच असतें. इंग्रज वैमानिकाची स्थिति कांहींशी तशीच होती. युद्ध संपतांच ही उसनवारी एकाएकीं बंद झाली आणि ब्रिटनजवळ उरलेल्या मालाचा हिशेब करावा लागला. तो माल अगदीं अल्प किंमतींत, तोही कर्जाऊ, इंग्रजांच्या पदरीं पडला. त्या वेळच्या अमेरिकन कर्जाचा शेवटचा हप्ता ब्रिटननें डिसेंबर २००६ मध्यें फेडला. हिटलर मरून तेव्हां एकसष्ट वर्षें झालेलीं होतीं!

या विमानाचीं शेंकडों भावंडें युद्धाच्या धामधुमींत हिंदुस्थानांत येऊन पडलीं होतीं. आसामांतून हिमालयाच्या रांगा ओलांडून चीनला सामान पोंचविण्याचें, ब्रह्मदेशांत लढणाऱ्या फौजांना आकाशांतून धान्य व दारूगोळा टाकण्याचें काम त्यांनीं केलें. युद्ध संपलें आणि तीं परत नेण्यापेक्षां येथेंच विकून टाकणें अमेरिकेला स्वस्त पडलें. शिल्लक मालाच्या विक्रींतून अनेक कंपन्यांनीं हीं विमानें उचललीं. बंगळूर येथील विमानकारखान्यांत लष्करी आसनें काढून उतारूंच्या गाद्या बसविण्याचें काम धडाक्यानें चालूं झालें. हा कारखाना १९४० सालीं म्हैसूर संस्थानाच्या साहाय्यानें ज्यांनीं काढला, ते वालचंद हिराचंद सोलापूरचे. एका मराठी मुलखांतील उद्योजकानें उभारलेल्या कारखान्यांत अमेरिकन युद्धविमानांचीं हिंदी उतारू-विमानें व्हावींत, ही गोष्ट महाराष्ट्रांतील शाळांच्या इतिहासपुस्तकांत यावयास हवी होती.

स्वस्त विमानें मिळालीं, त्यामुळें कंपन्याही भराभर निघाल्या. त्यांतील एका कामाचा संबंध थेट या भागाशीं आहे. जानेवारी १९४९ मध्यें रात्रीची हवाई टपाल सुरू झाली. दळणवळणखात्याचे मंत्री रफी अहमद किडवाई यांचा तिला मोठा पाठिंबा होता. योजना सुटसुटीत होती. मुंबई, कलकत्ता, दिल्ली व मद्रास या चार शहरांतून रात्रीं एकेक विमान निघावयाचें. मध्यरात्रीच्या सुमारास चारी विमानें नागपुरास सोनेगांवच्या तळावर जमावयाचीं. तेथें टपालाच्या थैल्यांची व उतारूंची अदलाबदल व्हावयाची आणि उजाडण्याच्या सुमारास प्रत्येक विमान आपापल्या ठिकाणीं परत पोंचावयाचें. संध्याकाळीं मुंबईंत पेटींत टाकलेलें पत्र दुसऱ्या दिवशीं सकाळीं कलकत्त्याच्या पोस्टांत! नकाशावर मुंबईपासून नागपुरापर्यंत सरळ रेघ ओढली तर ती आर्वी आणि वर्धा यांच्या मधून जाते. तेव्हां या जिल्ह्यांतील जीं माणसें उन्हाळ्यांत अंगणांत खाटा टाकून निजत, त्यांच्या डोक्यावरून हा सारा व्यवहार चालला होता.

या टपालाचें काम करणारी विमानें बहुतेक डाकोटाच होतीं, आणि मालकीची धरसोड कशी चालते याचा तीं उत्तम नमुना होतीं. पहिल्यानें इंडियन ओव्हरसीज एअरलाइन्स या कंपनीनें हें काम घेतलें. कांहीं महिन्यांतच ती कंपनी बंद पडली व टपाल थांबलें. मग त्याच वर्षीं हिमालयन एव्हिएशन कंपनी पुढें आली. पुढें डेक्कन एअरवेजनेंही हा भार उचलला. इतर ठिकाणींही अंबिका, ज्युपिटर यांसारख्या कंपन्या दोन-तीन वर्षांत मावळल्या. कंपनी बुडाली म्हणजे विमान दुसरा विकत घेई, आणि तोच वैमानिक तेंच विमान नव्या नांवाखालीं चालवी. १९५० सालीं न्यायमूर्ति राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालीं या धंद्याची चौकशी झाली, तेव्हां समितीनें स्पष्ट सांगितलें कीं, देशांत जेवढी वाहतूक आहे तिच्या मानानें कंपन्या फार झाल्या आहेत. ज्यांनीं परवाने वांटले त्यांना हें आधीं उमगावयास हरकत नव्हती. अखेर १९५३ सालीं कायदा झाला आणि १ ऑगस्ट १९५३ रोजीं आठ कंपन्यांचीं विमानें एकत्र करून इंडियन एअरलाइन्स कॉर्पोरेशन अस्तित्वांत आलें. त्या दिवशीं कॉर्पोरेशनच्या पदरीं ९९ विमानें पडलीं. त्यांतलीं ७४ डाकोटा होतीं. आठ धन्यांची दावण एका दिवसांत सरकारच्या गोठ्यांत आली.

लष्कराकडील डाकोटांची कथा निराळी. हिंदी हवाई दलाच्या १२ क्रमांकाच्या पथकाजवळ १९४६ पासून हीं विमानें होतीं. २६ ऑक्टोबर १९४७ रोजीं काश्मीरच्या महाराजांनीं विलीनीकरणाच्या करारावर सही केली. टोळीवाले बारामुल्ला गांठून श्रीनगराच्या रोखानें निघालेले होते. दुसऱ्या दिवशीं, म्हणजे २७ ऑक्टोबरला सकाळीं, शीख पलटणीच्या पहिल्या तुकडीला घेऊन दिल्लीहून निघालेलीं डाकोटा विमानें श्रीनगरच्या मैदानावर उतरूं लागलीं. त्या मैदानावर पक्की धांवपट्टी नव्हती, रात्रीं उतरण्याची सोय नव्हती, तें आपल्या ताब्यांत आहे कीं शत्रूच्या याचीही दिल्लीस खात्री नव्हती. तुकडीचे अधिकारी लेफ्टनंट कर्नल दिवाण रणजित राय त्याच दिवशीं लढतां लढतां पडले. या कामांत केवळ लष्करी विमानें नव्हतीं. खाजगी कंपन्यांचीं उतारू-विमानेंही सरकारनें तातडीनें मागून घेतलीं आणि त्यांच्या वैमानिकांनीं फेऱ्यांमागून फेऱ्या केल्या. गादीच्या खुर्च्या उपटून टाकून त्या जागीं शिपाई बसविण्यांत आले. पुढें २४ मे १९४८ रोजीं एअर कमोडोर मेहेरसिंग यांनीं जनरल थिमय्यांना घेऊन दहा हजार फुटांहून उंच असलेल्या लेहच्या वाळवंटी पट्टीवर डाकोटा उतरविलें. इतक्या उंचीच्या प्रवासासाठीं लागणारी साधनें त्या विमानांत नव्हतीं.

श्रीनगरला जें पहिलें डाकोटा उतरलें, त्याचा क्रमांक ‘व्हीपी ९०५’ असा सांगण्यांत येतो. हा क्रमांक हवाई दलाच्या परंपरेंत मोठ्या आदराचा ठरला. ओक्लाहोमाचें ‘केएन ३९७’ आणि श्रीनगरचें ‘व्हीपी ९०५’ हीं दोन वेगळीं विमानें होतीं, एवढें श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावें. पुढील सर्व घोटाळा हें विसरल्यानें होतो.

हवाई दलानें डाकोटा पुष्कळ वर्षें वापरलीं. ११ डिसेंबर १९७१ रोजीं पूर्व बंगालमध्यें टांगाईल येथें छत्रीधारी सैनिक उतरविण्यांत आले, त्या वेळींही इतर विमानांबरोबर तीं होतीं. १९८० नंतरच्या दशकांत तीं हळूहळू सेवेंतून निघालीं. उतारू-कंपन्यांकडील तर त्यापूर्वींच गेलीं होतीं. कांहीं दिखाऊ वस्तु म्हणून तळांवर उभीं राहिलीं, एक दिल्लीस पालम येथील हवाई दलाच्या संग्रहालयांत गेलें; बाकीचीं मोडींत निघालीं. ज्या देशांत एके काळीं शंभरांहून अधिक डाकोटा विमानें उडत होतीं, ज्यांच्या बळावर एक प्रांत हातचा राहिला, त्या देशानें स्मरणासाठीं उडतें असें एकही राखलें नाहीं. भंगाराचा भाव किलोवर ठरतो. कोणत्या किलोनें काय केलें, हें तराजूला कळत नाहीं आणि लिलांव पुकारणाऱ्यालाही विचारावेंसें वाटत नाहीं.

तिकडे ‘केएन ३९७’ मात्र जिवंत होतें. शाही हवाई दलांतून निघाल्यावर तें ब्रिटनच्या नागरी नोंदवहींत ‘जी-एएमएसव्ही’ या अक्षरांनीं चढलें. पुढें तें कॉव्हेंट्रीच्या एअर अटलांटिक कंपनीकडे आलें. या कंपनीनें जुन्या डाकोटांना नवेंच काम शोधून काढलें होतें. समुद्रांत तेलवाहू जहाज फुटलें कीं पाण्यावर पसरलेला तवंग विरघळविण्यासाठीं खालच्या उंचीवरून औषध फवारावें लागतें. हळू उडणारें, भार सोसणारें आणि स्वस्त असें विमान या कामाला उत्तम. फेब्रुवारी १९९६ मध्यें वेल्सच्या किनाऱ्यावर ‘सी एम्प्रेस’ हें जहाज खडकावर चढलें आणि सुमारें बहात्तर हजार टन कच्चें तेल समुद्रांत सांडलें, तेव्हां या कंपनीच्या डाकोटांनींच फवारणी केली. लढाईसाठीं घडलेल्या विमानाचें हें उत्तरायुष्य कापसावर औषध फवारणाऱ्या गड्यासारखें झालें होतें. परंतु त्यामुळेंच तें टिकलें, हें विसरतां येत नाहीं. संग्रहालयांत ठेवलेली वस्तु झिजत नाहीं खरी, पण चालतही नाहीं; कामावरचें विमान तपासलें जातें, तेलपाणी पावतें, त्याचे सुटे भाग बदलले जातात.

शेवटीं तेंही काम संपलें आणि विमान भंगाराच्या वाटेस लागलें. २०११ सालीं त्या वेळचे राज्यसभेचे सदस्य राजीव चंद्रशेखर यांनीं तें विकत घेतलें. त्यांचे वडील एअर कमोडोर एम. के. चंद्रशेखर हे हवाई दलांत डाकोटाचे वैमानिक होते. मुलानें तें बापाच्या नांवें हवाई दलाला देऊं केलें. देणगी स्वीकारण्यास मात्र तेव्हांचें सरकार तयार झालें नाहीं! दान देणें सोपें, सरकारला तें घ्यावयास लावणें कठीण. एकाद्या गृहस्थानें शाळेला खोली बांधून देऊं केली आणि ती खोली कोणत्या खात्यांत मांडावयाची यावर वर्ष गेलें, असा अनुभव खेड्यापाड्यांतील शिक्षणसंस्थांना नवा नाहीं. विमानाला तर उडण्याचा खर्च, सुटे भाग, वैमानिकांचें शिक्षण, हें सारें जन्मभर पुरवावें लागतें. तेव्हां खात्याचें मन कचरलें असेल तर तें अगदींच अकारण म्हणतां येणार नाहीं. पुढें मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री झाले, आणि २०१६ सालीं या दानाला होकार मिळाला. मधल्या काळांत कॉव्हेंट्री येथें विमानाची दुरुस्ती चालूंच होती. १३ फेब्रुवारी २०१८ रोजीं दानपत्र झालें आणि हवाई दलाचे प्रमुख एअर चीफ मार्शल धनोआ यांनीं तें स्वीकारलें. विमानाचा नवा धनी त्या दिवसापासून भारतीय हवाई दल.

घरीं आणावयाचें तें पेटींत घालून नव्हे, उडवीतच, असें ठरलें. १७ एप्रिल २०१८ रोजीं तें कॉव्हेंट्रीहून निघालें. चौऱ्याहत्तर वर्षांचें शरीर. एका दमांत लांब मजल मारणें शक्य नव्हतें. फ्रान्स, इटली, ग्रीस, जॉर्डन, सौदी अरेबिया, बहरीन, ओमान असे मुक्काम करीत, वाटेंत थांबून तपासणी करीत, तें २५ एप्रिलला जामनगरास उतरलें. ४ मे रोजीं दिल्लीजवळील हिंडन तळावर त्याचा हवाई दलांत समारंभानें समावेश झाला. अंगावर क्रमांक रंगविलेला होता ‘व्हीपी ९०५’, आणि नांव दिलेलें होतें ‘परशुराम’. नांव मराठी माणसाला परकें वाटणारें नाहीं. कोकणची भूमि समुद्र हटवून परशुरामानें निर्माण केली, अशी कथा चिपळुणाकडे जशी सांगतात तशीच केरळांतही सांगतात. आणि देणगीदाराचें मूळ केरळांतलेंच.

त्यानंतर वर्तमानपत्रांत आणि बोलण्यांत सर्रास असें येऊं लागलें कीं, काश्मीर वांचविणारें विमान भंगारांतून परत आलें. हें खरें नव्हे. जें परत आलें म्हणतात, तें पूर्वीं भारतीय हवाई दलांत कधींच नव्हतें. २७ ऑक्टोबर १९४७ रोजीं श्रीनगरला उतरलेल्या विमानाचा क्रमांक मानानें त्याच्या अंगावर चढविला, इतकेंच. यांत फसवणूक नाहीं. हवाई दलानें ही गोष्ट लपविलेली नाहीं. मराठी घरांत नातवाला आजोबांचें नांव ठेवतात, त्याचाच हा प्रकार. पण नातू म्हणजे आजोबा असें कोणी म्हणूं लागलें तर तें दोघांवरही अन्यायाचें होतें. आजोबांचें जें झालें तें कोणी विचारीत नाहीं, आणि नातवाचें स्वतःचें आयुष्य झांकलें जातें. पहिलें ‘व्हीपी ९०५’ हवाई दलाचें होतें, आणि त्याचा सांभाळ झाला नाहीं. ही बोचरी गोष्ट नव्याच्या कौतुकांत बुडून जाऊं नये. आणि नव्यानें कॉव्हेंट्रीस जीं वर्षें काढलीं, तीं केवळ अज्ञातवास म्हणून टाकून देण्यासारखीं नाहींत. ओक्लाहोमाचे कारागीर, उसनवारीनें तें उडविणारे इंग्रज वैमानिक, एअर अटलांटिकचे यंत्रज्ञ, या सर्वांच्या हातांचा त्या धातूला स्पर्श झालेला आहे. फेरफाराच्या नोंदींत मधला एकादा धनी गाळून चालत नाहीं. तलाठ्यानें तसें केलें तर कचेरींत जाब द्यावा लागतो.

सांप्रत हें विमान हवाई दलाच्या जुन्या विमानांच्या तुकडींत आहे. २६ जानेवारी २०२१ रोजीं दिल्लीच्या संचलनांत तें दोन एमआय-१७ हेलिकॉप्टरांच्या मध्यें उडालें. १९७१ च्या विजयाला तें पन्नासावें वर्ष होतें. पुढच्या वर्षीं, २०२२ च्या संचलनांत, त्याला पुन्हां आणण्यांत आलें, आणि त्या रचनेला ‘टांगाईल’ हें नांव दिलें होतें. या वेळीं त्याच्या दोहों बाजूंस दोन डॉर्निअर विमानें होतीं. हवाई दलाकडील डॉर्निअर विमानें कानपूरच्या कारखान्यांत बांधलेलीं आहेत. वालचंद हिराचंद यांनीं बंगळुरास जो कारखाना काढला होता, त्याच संस्थेची ही कानपूरची शाखा.